संक्रांतीनंतरचा टोमॅटो: पहाटेच्या गारठ्यातून आणि दुपारच्या चटक्यातून रोपं कशी जगवायची

उन्हाळी टोमॅटोचं सगळं गणित लागवडीच्या तारखेवर असतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लावलेलं रान एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पहिला तोडा (फळांची पहिली काढणी) देतं. शिवाय फळधारणेचा मोठा भाग मे महिन्याच्या भट्टीआधी उरकतो. म्हणून निफाड, दिंडोरी, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यात बरेच जण थंडी पुरती सरायच्या आतच रोपं रानात नेतात. भाव मिळेल की नाही हा वेगळा विषय. रोपं जगली तरच तो विषय निघणार.

अडचण अशी की या दिवसांत पिकाला एकाच चोवीस तासांत दोन टोकं सोसावी लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला नाशिक भागात पहाटे पारा ८-१० अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी ३२-३३ वर जातो. थंडीची लाट आली तर निफाडला ५ अंशांच्या खाली नोंद होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले असे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात. रात्री जे आच्छादन रोपाला वाचवतं तेच दुपारी त्याला शिजवतं. झाकायला सगळे तयार असतात, सकाळी उठून उघडायला माणूस नसतो. माझ्या मते लवकर लागवडीतली निम्मी मर थंडीची नसते, न उघडलेल्या आच्छादनाची असते.

आधी टोमॅटोला काय सोसतं ते पाहू

दिवसा २१ ते २७ आणि रात्री १६ ते २० अंश असले की टोमॅटो खूश असतो. रात्र १० अंशांच्या खाली गेली की वाढ जवळपास थांबते. शून्याच्या खाली एक-दोन अंश गेलं की पानातलं पाणी गोठतं आणि सकाळी पान उकडलेल्या पालेभाजीसारखं दिसतं. वरच्या बाजूला, दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे गेलं की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. रात्र १३ च्या खाली किंवा २४ च्या वर राहिली तरीही सेटिंग (फुलाचं फळ धरणं) बिघडतं.

मातीचं तापमान मात्र कोणी बघत नाही. माती १५ अंशांच्या खाली असेल तर मुळं हलत नाहीत आणि स्फुरद उचलत नाहीत. पानं खालून जांभळी पडतात ती याच कारणाने. अशा वेळी खताचा डोस वाढवून काही साधत नाही, माती ऊबदार करणं हाच उपाय. ठिबकमधून १२:६१:०० (स्फुरद जास्त असलेलं विद्राव्य खत) थोडंसं द्यायला हरकत नाही. युरिया मात्र हात राखून द्यावा. नत्राने फुगलेली कोवळी वाढ गारठ्यात सगळ्यात आधी जाते.

रान निवडताना

गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साचते. एकाच गटात ओढ्याकाठचा तुकडा आणि वरचा माळ असेल तर पहाटे दोन्हीत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे लवकरची लागवड वरच्या तुकड्यात करावी आणि ओढ्याकाठचं रान फेब्रुवारीअखेरच्या लागवडीला ठेवावं. उताराच्या खालच्या अंगाला दाट कुंपण किंवा उसाचा फड असेल तर थंड हवा तिथे अडते आणि मागे तुंबते, हेही ध्यानात असू द्या.

लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी रानाच्या कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी टोकाव्यात. थंड वारं अडतं, पुढे एप्रिलची झळ अडते आणि रसशोषक किडीही काही प्रमाणात तिथेच थांबतात. खालच्या बाजूला मात्र थंड हवेला निघून जायला वाट ठेवावी.

रोप

थंडीत ट्रेमधलं रोप तयार व्हायला ३० ते ३५ दिवस लागतात. रोपवाटिकेत शेडनेट आणि प्लास्टिकखाली वाढलेलं लांबुडकं, हिरवंगार रोप दिसायला छान असतं, पण रानात पहिल्याच पहाटे मान टाकतं. रोपं आणल्यावर ५ ते ७ दिवस आपल्या शेडमध्ये कणखर करावीत. पाणी थोडं कमी, दिवसा ऊन, रात्री आडोसा. खोड पेन्सिलीच्या शिशाइतकं बारीक नको, जरा जाड आणि खाली किंचित जांभळट असलेलं चांगलं. वाण निवडताना नर्सरीवाल्याला सरळ विचारावं की हा माल एप्रिलच्या उन्हात सेट होतो का. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा सदाबहार' हा वाण थंड आणि उष्ण दोन्ही रात्रींत फळ धरतो म्हणून ओळखला जातो. परसबागेला तो सोयीचा. बाजारासाठी मात्र आपल्या भागात उन्हाळ्यात चाललेला संकरित वाणच घ्यावा.

गादीवाफा आणि मल्चिंग

गादीवाफे शक्यतो दक्षिणोत्तर घ्यावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन सारखं मिळतं. ५ फुटांवर वाफे आणि दीड फुटावर रोप धरलं तर एकरी सुमारे ५८०० रोपं बसतात. मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा, चंदेरी बाजू वर. नुसता काळा पेपर माती जास्त तापवतो म्हणून थंडीत बरा वाटतो, पण हाच पेपर मे महिन्यातही रानात असणार आहे. चंदेरी-काळा घेतला की दोन्हीकडे निभावतं आणि चकाकीमुळे पांढरी माशी, फुलकिडे थोडे बिचकतात.

पेपर अंथरण्याआधी वाफा पूर्ण भिजवून वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशा स्थितीत) आणावा. कोरड्या मातीत हवेचे कप्पे असतात, तिच्यात ऊन साठत नाही. ओली माती दिवसभराची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. थंडीवरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

लागवड झाल्यावर एक काम हमखास राहून जातं. पेपरच्या छिद्रातून दुपारी गरम वाफ वर येते आणि पेपरची तापलेली कड कोवळ्या खोडाला टेकते. दोन-तीन दिवसांत जमिनीलगत खोडाला तपकिरी कडं पडतं, तिथे खोड बारीक होतं आणि वाऱ्याने रोप आडवं होतं. लोक याला मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे औषधाचं पाणी बुडाशी ओततात. उपाय एवढाच की प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठभर माती टाकून छिद्र बुजवायचं आणि पेपर खोडाला शिवू द्यायचा नाही.

क्रॉप कव्हर उभं करणं

इथे प्लास्टिकचा पारदर्शक कागद वापरायचा मोह होतो. टाळा. साध्या प्लास्टिकमधून रात्री जमिनीची उष्णता निसटून जाते आणि दुपारी आतली हवा ४५ च्या पुढे जाते, म्हणजे दोन्ही वेळा नुकसान. न विणलेल्या पांढऱ्या कापडाचं क्रॉप कव्हर, १७ ते २५ जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), या कामासाठी बरोबर आहे. त्यातून हवा आणि थोडं पाणी जातं. रात्री ते एक ते तीन अंशांचं संरक्षण देतं. ऐकायला कमी वाटतं, पण पारा शून्याच्या आसपास असताना तेवढ्यातच रोप मेलं की जगलं हे ठरतं.

कमानीसाठी जाड जीआय तार किंवा बांबूच्या कामट्या चालतात. वाफ्याची वरची रुंदी २ फूट आणि कमानीची उंची दीड फूट धरली तर कमान वर ४ फुटांची होते. दोन्ही पाय जमिनीत पाऊण-पाऊण फूट खुपसायचे, म्हणजे तुकडा साडेपाच फुटांचा कापावा. दर ६ फुटांवर एक कमान धरली तर एकरी साधारण १४५० कमानी लागतात. कापड १.६ मीटर पन्ह्याचं घेतलं की दोन्ही कडांना अर्धा फूट माती लावायला उरतं. एकरी लांबी २६५० मीटरच्या आसपास भरते, त्यात टोकं बांधायला थोडं जास्तीचं धरा.

पश्चिमेकडची कड मातीने कायमची दाबून टाकावी. पूर्वेकडची कड मात्र दगडाने किंवा मातीच्या पिशव्यांनी दाबावी, कारण रोज उघडायची ती हीच. दोन्ही कडा गाडून टाकल्या की उघडायचं काम इतकं किचकट होतं की ते होतच नाही. कापड ताणून लावावं. ढिलं राहिलं तर वाऱ्याने फडफडतं आणि शेंडे घासले जातात. कापडाला टेकलेलं पान थंडीत आधी गोठतं, म्हणून कमान रोपापेक्षा वीतभर तरी उंच हवी.

याच कापडाचा दुसरा फायदा कीड-विषाणूंचा. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळांवर पट्टे पडणाऱ्या 'तिरंगा' रोगाने किती रानं सोडून द्यावी लागली हे त्या भागात कोणालाही विचारा. पहिले २५-३० दिवस रोप किडीपासून झाकलेलं असेल तर विषाणूंचा धोका बराच लांबतो.

कोणती रात्र धोक्याची

मोबाईलवरचा किमान तापमानाचा आकडा हवामान केंद्रात मोजतात तशा पद्धतीचा असतो. तो जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकावरचा. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगत पारा त्याहून तीन ते पाच अंशांनी खाली असू शकतो. म्हणून अंदाज ५ अंशांचा असला की आपल्या वीतभर रोपाजवळ दहिवर गोठू शकतं असं धरून चालावं. शेजारच्या वाळक्या गवतावर सकाळी पांढरी खर (गोठलेलं दहिवर) दिसली की समजावं, गणित बरोबर होतं.

संध्याकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: आभाळ स्वच्छ आहे का, वारा पडलाय का, हवा कोरडी आहे का. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तर ती रात्र धोक्याची. ढग असतील किंवा वारा चालू असेल तर आकडा कमी असूनही बहुतेक वेळा निभावतं. सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या आगेमागे असते. त्यामुळे रात्री बाराला फेरी मारून "ठीक आहे" म्हणत झोपणं फसवं.

किमान-कमाल तापमापक बाजारात मिळतो. एक कापडाच्या आत रोपाच्या उंचीला सावली धरून टांगा, एक बाहेर त्याच उंचीला. आठवडाभर नोंदी ठेवल्या की आपल्या रानाचा स्वभाव कळतो.

थंडीच्या रात्री काय करायचं

दुपारी चारच्या सुमारास, ऊन असतानाच, कापडाची कड खाली सोडावी. उन्हाची ऊब आत कोंडली पाहिजे. सूर्य मावळल्यावर झाकलं तर आपण गार हवाच झाकतो. पानं ओली असताना मात्र बंद करू नये, करप्याला (पानं जाळणाऱ्या बुरशीच्या रोगाला) आयतं निमंत्रण मिळतं.

पाणी आदल्या दिवशी दुपारच्या आत दिलेलं उत्तम. पहाटे द्यायचं तर विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, म्हणून त्याचा उपयोग होतो. पण ठिबकने भिजणारा भाग थोडासा, त्यामुळे ऊबही थोडीच. खरी लाट असेल तर दोन वाफ्यांमधल्या सरीतून पातळ पाणी फिरवणं जास्त कामाचं. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची असेल तर हे सोपं पडतं, एरवी शेततळ्यावरच्या डिझेल इंजिनाची सोय आधी बघून ठेवा. काळ्या भारी जमिनीत दोन-तीन रात्री लागोपाठ पाणी फिरवलं तर वाफसा जातो, आणि गार चिखलात मुळं गुदमरतात. अशा रानात एका रात्रीपुरतंच.

द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते पाहून टोमॅटोतही पालापाचोळा धुमसवला जातो. धुराचा पडदा उष्णता अडवतो हा समज आहे. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेला असा धूर फारसा अडवत नाही. जो काही फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा हलण्याचा. म्हणून ओला कचरा धुमसवण्यापेक्षा कडेने लहान लहान, खरोखर जळणाऱ्या शेकोट्या जास्त ठिकाणी कराव्यात. क्रॉप कव्हर आणि मल्चिंग पेपर लावलेल्या रानात तर मी हा खेळ करणार नाही. एक ठिणगी पुरते.

खर पडलीच तर ऊन लागायच्या आत साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा, बर्फ हळू वितळू द्यावा. करपलेली पानं लगेच खुडू नका. तीन-चार दिवस थांबा. शेंडा गेला असला तरी खालच्या डोळ्यातून फूट निघत असेल तर ते रोप ठेवता येतं. खोडच पाणचट झालं असेल तर ८-१० दिवसांच्या आत नांग्या भरून घ्याव्यात, म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावावं. त्यासाठी शंभरातली पाच रोपं ट्रेमध्ये राखून ठेवलेली असावीत.

उघडण्याचं वेळापत्रक

'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण खरी, पण दुपार होळीची वाट बघत नाही. आतला तापमापक ३२ वर गेला की कड वर करायची वेळ झाली. जानेवारीअखेर ही वेळ साडेअकराच्या आसपास येते, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनवाला. पूर्वेची कड कमानीच्या निम्म्यापर्यंत गुंडाळून चिमट्याने अडकवावी, टोकं मोकळी सोडावीत. रोज सगळं उघडायला माणूस नसेल तर निदान दोन्ही टोकं आणि मध्ये दर ५० फुटांवर एक खिडकी उघडावी. त्याने पूर्ण काम होत नाही, पण रोप उकडत नाही. उघडलेल्या वेळेत कीड आत येते हा तोटा आहे. म्हणून पिवळे-निळे चिकट सापळे वाफ्यावर लावावेत. मला विचाराल तर माशीपेक्षा उकाड्याची भीती आधी बाळगावी. ४२ अंशांत तीन तास उभं राहिलेलं रोप पंधरा दिवस मागे पडतं.

लागवडीला २५ ते ३० दिवस झाले, पहिला फुलगुच्छ दिसू लागला की कापड कायमचं काढायचं. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण परागकण सुटायला वाऱ्याचा किंवा मधमाशीचा हलका धक्का लागतो, तो झाकलेल्या रानात मिळत नाही. काढताना घाई नको. पहिल्या दिवशी दुपारी चारनंतर काढून सकाळी दहाला पुन्हा झाकावं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडं ठेवायचा वेळ वाढवावा, चौथ्या दिवशी पूर्ण मोकळं. भर दुपारी एकदम उघडलं तर कोवळी पानं पांढरी पडून करपतात. कापड झटकून, वाळवून, गुंडाळून सावलीत ठेवलं तर दुसऱ्या हंगामाला चालतं. कमानी तर वर्षानुवर्षं.

मार्चनंतर: आता लढाई उलटी

कापड निघालं की लगेच तार-बांबू आणि सुतळीची बांधणी. इथून पुढे पानं म्हणजेच सावली. करप्याच्या भीतीने पानांची सरसकट छाटणी केली तर एप्रिलमध्ये पश्चिमेकडच्या फळांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात आणि तो माल प्रतवारीत बाहेर जातो. बुडाची जमिनीला टेकणारी पानं काढा, वरच्या घोसांवरची छत्री ठेवा.

पाणी दिवसातून दोन वेळा, थोडं थोडं, पहाटे आणि संध्याकाळी. उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधलं (ठिबकच्या नळ्यांतलं) दुपारचं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं, तेच आपण मुळाशी सोडतो. दुपारी पाणी द्यायचीच वेळ आली तर आधी टोकं उघडून नळ्यांतलं गरम पाणी बाहेर जाऊ द्या. वाफ्याच्या कडेला उसाचं पाचट अंथरलं तर जमीन गार राहते. पाण्यात खाडे पडले की फळाचं बूड काळं पडतं. त्याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात, पण बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम असतं, अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर स्फुरद किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत कधीही मिसळू नये, नळ्या चोंदतात.

शेडनेट ३५ टक्क्यांची पुरते, ५० च्या पुढे गेलात तर झाड लांबतं आणि माल घटतो. ती झाडावर टेकवायची नाही, बांधणीच्या वर दोन फूट मोकळी जागा सोडून ताणायची. सोलापूरकडचे डाळिंबवाले जुन्या साड्या वापरतात, तशा साड्या टोमॅटोच्या पश्चिम बाजूला उभ्या बांधल्या तरी दुपारची झळ बरीच मोडते. जे काही बांधाल ते पक्कं बांधा, वळवाच्या पावसाआधीचं वारं सगळं उडवून नेतं.

फुलगळीसाठी दुकानात संजीवकाची (वाढ-फळधारणेच्या औषधाची) बाटली लगेच पुढे येते. रात्रच २६ अंशांची असेल तर कुठलीही बाटली परागकण जिवंत करत नाही, आणि मात्रा जास्त झाली की पानं वाकडी होतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बांधणीची तार काठीने हलकी टकटकवत ओळीतून एक चक्कर मारली तर उपयोग होतो, खर्च शून्य.

गच्चीवर चार-सहा कुंड्या असणाऱ्यांना यातलं फार लागत नाही. थंडीत कुंड्या दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीला लावून ठेवा, रात्री वरून पातळ सुती कापड टाका, सकाळी काढा. मार्चनंतर त्याच भिंतीपासून त्या लांब न्या आणि काळ्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

काढणीला आल्यावर एक शेवटची खोड दिसेल. ३० अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही, पिवळा-नारिंगी होत राहतो. झाडावर पूर्ण लाल व्हायची वाट बघत बसलं तर फळ मऊ पडतं आणि रंग येतच नाही. म्हणून बुडाशी गुलाबी छटा आली की तोडा घ्यावा, सकाळी नऊच्या आत, आणि क्रेट लगेच हवेशीर सावलीत न्यावेत. रंग तिथे दोन-तीन दिवसांत येतो.